वारजे ते कुंभोज, सायकलवरून

पुण्याबाहेरच्या माणसाला वारजे हे नाव माहीत असते ते बहुधा महामार्गावरच्या फलकामुळे. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा रस्ता चांदणी चौकातून उतरत येतो, वारज्याच्या पुलावरून पुढे सरकतो, मुठा नदी ओलांडतो आणि वडगाव, नवले पूल, आंबेगाव असे करीत कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरतो. पुलाखालून दुसरा रस्ता आडवा जातो. तो पूर्वेला कर्वेनगर आणि कर्वे पुतळ्याकडे, तर पश्चिमेला गणपती माथा, शिवणे, उत्तमनगर आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे नेतो. १९९७ साली जी गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, त्यांपैकी हे एक. गावाचे उपनगर झाले, शेतांच्या सोसायट्या झाल्या, परंतु नाक्याचा स्वभाव काही गेला नाही. इथला माणूस घराबाहेर पडला की तो आधी कोणत्या तरी दिशेचा होतो आणि मग वारज्याचा राहतो.

आमचे रंग आणि हार्डवेअरचे दुकान माळवाडीत आहे. त्याआधी वडिलांचे कापडाचे दुकान होते आणि त्याही आधी आजोबांची फेरी होती. आजोबा पाली जिल्ह्यातून पुण्यात आले ते हातात काही नसताना. कापडाची गाठोडी सायकलच्या कॅरिअरला बांधून ते शिवणे, खडकवासला, डोणजे या गावांत फिरत. धोतरजोडी, लुगडी, खणाचे तुकडे. उधारी सुगीला फिटे. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा मागे कोणाला बसवले तर पोलीस अडवी. आजोबांना दिव्याची अडचण कधी आली नाही, कारण सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून ते दिवस मावळायच्या आत घरी परतत. फेरीचा पल्लाही त्या हिशेबानेच ठरलेला असे. ही गोष्ट मी लहानपणी अनेकदा ऐकली होती, पण तिच्यात किलोमीटरचा काही हिशेब आहे हे मला पन्नाशीनंतर कळले.

वडिलांच्या हाती दोन पैसे आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती सायकल काढून टाकण्याची. आधी स्कूटर आली, मग मोटार. आपल्या घरांतून हा क्रम बहुतेक सारखाच असतो. सायकल ही कष्टाच्या दिवसांची खूण. ती अंगणात उभी असणेही कोणाला नको असते. म्हणून बावन्नाव्या वर्षी, रक्तातली साखर वाढल्याचे निमित्त होऊन, मी नवी सायकल घरी आणली तेव्हा वडिलांचा चेहरा उतरला. ते काही बोलले नाहीत. बोलले ते बाजारातले लोक. भवानी पेठेतल्या एका जुन्या व्यापाऱ्याने माल भरताना हळूच विचारले, "शेठ, गाडी विकली की काय?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती, काळजी होती, आणि खरे सांगायचे तर थोडी चौकशीही होती. तीस दिवसांच्या उधारीवर ज्याचा धंदा चालतो त्याची पत लोकांच्या डोळ्यांत असते. पन्नाशीचा दुकानदार सकाळी सायकलवरून जाताना दिसला तर समोरचा माणूस मनातल्या मनात आपली येणी तपासतो. मी त्या महिन्याची बिले चार दिवस आधी भागवली. त्यानंतर प्रश्न थांबले.

सुरुवात अगदी जवळून झाली. पहिले काही आठवडे वारज्याच्या स्मृतिवनापर्यंत जायचे आणि परतायचे. ओसाड पडलेल्या वनजमिनीवर लोकांनी आणि वनखात्याने मिळून उभे केलेले हे शहरी वन आता चांगलेच दाट झाले आहे. २०२० साली केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून याच वनाकडे बोट दाखवले होते. सकाळी तिथे मोर ओरडतात. मग कर्वे पुतळा, मग शिवण्याहून नांदेडच्या पुलावरून सिंहगड रस्त्याला लागून खडकवासला. हे अंतर दहा-बारा किलोमीटरचे. जाऊन-येऊन दुकानाच्या वेळेआधी सहज होते.

खडकवासल्याच्या भिंतीजवळ थांबलो की पुतण्या दूध-जिलेबीच्या गाड्या बघतो आणि मी पाणी बघतो. दगडी बांधकामाचे हे धरण १८७९ साली पूर्ण झाले. तरुण अभियंता विश्वेश्वरय्या यांनी आपोआप उघडणारे दरवाजे प्रथम बसवले ते याच जलाशयावर, १९०३ मध्ये. आणि १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने हेही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आजोबांची सायकल आणि गाठोडी त्या दिवशी शनिवार पेठेतल्या तळमजल्याच्या खोलीत होती. गाठोडी गेली. सायकल चिखलातून निघाली आणि पुढे तीन वर्षे चालली. ज्या गावांकडून पाणी आले त्याच गावांकडे ते पुन्हा उधारी वसूल करायला आणि नवी उधारी द्यायला गेले. मोटारीतून या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण आजोबांच्या फेरीचा चढ कुठे सुरू होतो आणि कुठे दम लागतो हे मोटारीला कळत नाही.

सिंहगडाला पाच महिन्यांनी हात घातला. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून उंच, आणि पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा घाटरस्ता सुमारे नऊ किलोमीटरांचा. पुण्यात सायकल चालवणारा कोणीही आपली तब्येत याच रस्त्यावर तोलतो. मला पहिल्यांदा पाऊण वाटेवर उतरून चालावे लागले. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, चालणे हा आपल्याकडचा जुना आणि मानाचा प्रवास आहे. वर पोहोचल्यावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही समोर येते. आपल्या वाचकांना पुढचे सांगायला नको: कांद्याचे काय, आणि पिठल्याशी दही घेतले तर द्विदलाचे काय! आम्ही भाकरी नुसत्या दह्याशी खातो. पिठले पुतण्या खातो आणि दह्याकडे बघत राहतो.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीटच बोलावा, कारण लांब पल्ल्याच्या सायकलींबद्दल आपल्या घरांतून विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो. सायकलस्वारांच्या शिदोरीत उकडलेले बटाटे फार. ते आपल्याला चालत नाहीत. बाजारातल्या मऊ, चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते, ते वेष्टनावर वाचून घ्यावे. या दोन्हींवाचून काही अडत नाही. सुखडी, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, खाकरा, शेंगदाणे आणि पाण्याच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर, एवढ्यावर शंभर किलोमीटर होतात. सुखडी तर जणू याच कामासाठी कोणी शोधून काढली असावी: तूप, गूळ, गव्हाचे पीठ, न सांडणारी, न विटणारी, खिशात मावणारी. पाणी घरून उकळून गार केलेले. सीट चामड्याची न घेता कृत्रिम कापडाची घ्यावी, हातमोजेही तसेच; दोन्ही सहज मिळतात. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र उपाशीपोटी लांब जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. काही गोळ्यांनी व्यायामात साखर एकदम खाली येते. माझ्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, आणि घाम फुटून हात थरथरू लागले तर पच्चक्खाण आडवे न आणता तोंडात साखर घालायची, असे मला बजावून ठेवले. घरी आईलाही ते मान्य झाले. ती म्हणाली, "नियम शरीर टिकलं तर टिकतो."

खरी अडचण खाण्याच्या पदार्थांची नसून वेळेची आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा एक शिस्तबद्ध प्रकार फ्रान्समध्ये रुजला आणि गेल्या दीड दशकात आपल्याकडेही चांगला पसरला. त्याला ब्रेवे म्हणतात. त्यात शर्यत नसते; ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, कोणाची मदत न घेता पुरे करायचे असते. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेंना वीस, चारशेंना सत्तावीस, सहाशेंना चाळीस. पॅरिसहून ब्रेस्ट गाठून परत येण्याचा बाराशे किलोमीटरांचा मेळा दर चार वर्षांनी भरतो. त्याला बहुतेकांना नव्वद तास मिळतात. महाराष्ट्रातली माणसे या वाटेवर फार पुढे गेली आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तेच अंतर एकट्याने पार केले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. यांच्यापुढे आमचे काय, असे म्हणून सोडून देता येईल. पण मी हिशेब मांडून पाहिला.

पुण्यात सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये साधारण सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान डिसेंबरात अकरा तासांचा. म्हणजे दोनशेच्या ब्रेवेसाठी दिलेली मुदत आपल्या सर्वांत मोठ्या दिवसाहून पाव तासच जास्त. नवकारशी करणाऱ्याचे सूर्योदयानंतरचे अठ्ठेचाळीस मिनिटे आणखी वजा करा. चौविहार करणाऱ्या माणसाला दोनशे किलोमीटर एका दिवसात कसेबसे बसतात. तीनशे मात्र रात्रीवाचून होत नाहीत. रात्रभर पाण्याचा थेंब न घेता पायडल मारीत राहणे हे तप नव्हे, ते धाडस आहे, आणि मला ते अविवेकी वाटते. पुतण्याचे मत वेगळे होते. त्याला एका दमात जायचे होते. त्याचा चौविहार नाही. तो पंचवीस वर्षांचा आहे. आमचा वाद आठवडाभर चालला आणि शेवटी तोडगा निघाला तो असा, की पहिले लांब जाणे माझ्या नियमाने, दुसरे त्याच्या. अंतर दिवसात मावत नसेल तर दिवस दोन करावेत. ठिकाण ठरले कुंभोजचे बाहुबली. वारज्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मुक्काम साताऱ्याला, आत्याकडे.

त्याआधी शिरवळपर्यंत जाऊन परत येण्याच्या, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरांच्या, तीन फेऱ्या केल्या. त्या महामार्गाची ओळख व्हावी म्हणून. याबाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे: वारज्याच्या पुलावरून सरळ महामार्गाला लागणे नवशिक्याने टाळावे. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांचे अपघात वारंवार होतात. परतताना सायकलस्वार त्याच उतारावर त्या गाड्यांच्या संगतीत असतो. आम्ही सेवारस्त्याने कात्रज चौक गाठतो आणि जुन्या घाटाने चढतो. घाटाच्या पायथ्याशी आगम मंदिर आहे. तिथे दर्शन घेऊन चढाला लागले की निम्मी भीती खालीच राहते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, अंगात चमकणारे जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट, यांत तडजोड नाही. घरून निघण्याची परवानगी सौभाग्यवतींनी याच चार गोष्टींवर दिली आहे.

जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी सकाळी सहाला निघालो. थंडी चांगली होती. जुना घाट उतरून शिंदेवाडीपुढे महामार्गाला लागलो आणि खेड शिवापूरच्या अलीकडे उजाडले. तिथे रस्त्याच्या कडेने पाच साध्वीजींचा विहार चालला होता. मागेपुढे संघाची चार मुले चमकती जाकिटे घालून, एक ढकलगाडी. आम्ही सायकली हातात घेतल्या, मत्थएण वंदामि म्हटले आणि थोडे अंतर बरोबर चाललो. ज्येष्ठ साध्वीजींनी सायकलीकडे पाहून किती जाणार असे विचारले. कुंभोज म्हटल्यावर त्या हसल्या; त्याही कोल्हापूरकडेच निघाल्या होत्या, तीन आठवड्यांनी पोहोचणार होत्या. त्या पायाखालची चार हात जमीन पाहत चालत होत्या. डांबराच्या कडेची तीच पट्टी सायकलस्वारालाही सतत वाचावी लागते: काच, खडी, मेलेले कुत्रे, तुटलेले टायर. ते पाहून पाहून जीवजंतूही दिसू लागतात. त्या दिवसापासून मी गोगलगायी चुकवतो. पुतण्या हसतो, पण आता तोही चुकवतो.

सारोळ्याला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. शिरवळला नवकारशीनंतरचा नाश्ता झाला आणि साडेअकराला खंबाटकी घाट समोर आला. बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. जाणाऱ्यांना घाट चढावाच लागत होता. मालमोटारींचा धूर तोंडावर येत होता, पण चढाला त्यांचा वेग आमच्याहून फार नव्हता. एका क्लीनरने खिडकीतून केळे पुढे केले. घेण्यासाठी हात सोडण्याची हिंमत माझ्यात नव्हती, पुतण्याने घेतले. माथ्यावर थांबलो तेव्हा खाली वाईचे खोरे पसरलेले होते. पुढे सुरूर, भुईंज, कृष्णेचा पूल, लिंब. आणि चारच्या सुमाराला सातारा. आत्याने साडेपाचला ताट वाढले. तिने भाचा सायकलवरून आला हे शेजाऱ्यांना सांगितले नाही, असे मला नंतर कळले. पत साताऱ्यातही असते.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता सपाट, पण उसाचा. गाळपाचे दिवस होते. एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेली वाढी, मागे दिवा नाही. उजाडण्यापूर्वी निघायचे नाही हे आम्ही या रस्त्यासाठीच ठरवले होते. उंब्रज, कऱ्हाड, कासेगाव, पेठ नाका. किणीजवळ वारणा ओलांडून कोल्हापूर जिल्हा. साताऱ्याहून कुंभोजला जाताना मनात एक माणूस सारखा येत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा, जैन शेतकरी कुळातला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला नेले. मुलांनी कमवावे आणि शिकावे हा त्यांचा विचार, आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला. आमच्यासारख्या व्यापारी घरांना जैन म्हटले की पेढी आणि तराजू आठवतो. या पट्ट्यात जैन म्हणजे नांगर, ऊस आणि गुऱ्हाळ. वाठारनंतर आडरस्त्याला लागल्यावर ज्यांच्या मळ्यावर पाणी मागायला थांबलो त्यांचे आडनाव पाटील होते, आणि पाणी गाळलेले होते.

दुपारी चार वाजता बाहुबलीची टेकडी आली. अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती झाडीवरून दुरूनच दिसते. उभी, निश्चल, पायांवर वेली चढलेल्या. इथे श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. टेकडीवरच्या पार्श्वनाथाकडे जाणाऱ्या पायऱ्या चारशेच्या घरात. सव्वादोनशे किलोमीटर चालवलेल्या पायांनी पायऱ्या चढायच्या म्हणजे काय ते चढल्यावरच कळते. गुडघे दुसऱ्याचेच वाटू लागतात. पुतण्या वर आधी पोहोचला आणि कठड्यावर बसून त्याने फोनवर आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खालचा प्रदेश दाखवला. वडिलांनी प्रदेश पाहिला, मग सायकली दाखवायला सांगितल्या. त्या खाली लिंबाला टेकून उभ्या होत्या. "कॅरिअर का नाही लावलं?" एवढेच त्यांनी विचारले. "सामान कशावर आणणार?"

जेवण भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी झाले. परतीला पुण्याकडे रिकामा जाणारा ओळखीचा टेम्पो वाठार नाक्यावर मिळाला. सायकली आम्ही पोत्यांत गुंडाळून फाळक्याला बांधल्या. पुतण्याचा नियम आता बाकी आहे. तो मार्चच्या पौर्णिमेला साताऱ्यापर्यंत रात्रीचा जाऊन येणार म्हणतो. मी त्याच्यासोबत कात्रजच्या पायथ्यापर्यंत जाईन आणि परत फिरेन. कॅरिअर मात्र मी बसवून घेतले आहे.